रेघेच्या खाली आपले नाव लिहावे

रेघेच्या वर:

नाली आपली आहे. नालीत पडणारा कचराही आपलाच आहे. तो रोज सकाळी कोण टाकतो, हे ज्याचं त्याला ठाऊक आहे. मग नाली तुंबली की आपण दुसऱ्याच्या दाराकडे का पाहतो?

रेघेच्या खाली:

 

काही नाही.

शालिकराम ड्यूटीवरून परत येताना चौकात सायकलवरून उतरला, फळ्यासमोर उभा राहिला आणि रेघेच्या खाली पाहिलं. मग वाकून पाहिलं. मग चष्मा पुसून पाहिलं. काळा रंग होता. सुतळीला बांधलेला खडू तसाच लोंबत होता, सकाळी बांधला तेवढाच्या तेवढा.

रोज काही नाहीच असायचं, असंही नाही. कधी कधी असायचं, आणि तेव्हा जास्त त्रास व्हायचा. एकदा हिंदीत लिहिलेलं होतं की भैंस गुम हो गई है, माथे पर सफेद चांद, देवळाच्या मागे खबर करे. एकदा कुणीतरी मिशीवाला पहिलवान काढला होता, चांगला काढला होता, पण लेख होता पिण्याच्या पाण्याबद्दल. एकदा तर सुतळीच तोंडाजवळ ओली आणि खडू चावलेला. ते प्रकरण समोरच्या पानठेल्यावरच्या लहानूने आठवडाभर येईल त्याला सांगितलं. लहानूच्या ठेल्याला बिडी पेटवायची सुतळी टांगलेली असते, टोकाशी धुमसणारी. बाहेरगावचा एक माणूस ती समजून फळ्याच्या सुतळीशी गेला, खडूला बिडी लावून गाल आत जाईपर्यंत ओढत राहिला, आणि वर लहानूलाच बोलला की तुझी आग विझली आहे.

शालिकराम तेव्हा हसला नव्हता. हसण्यासारखं त्यात काय होतं, हे त्याला अजूनही कळलेलं नव्हतं.

फळा म्हणजे मारुतीच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर सिमेंटचा चौकोन करून त्याला काळा रंग दिलेला. मालकी मोहल्ल्याच्या उत्सव मंडळाची. गणपतीत त्यावर कार्यक्रम लागायचे. बाकी वर्षभर मोहल्ल्यात कुणी वारलं की त्याचं नाव मोठ्या अक्षरात मधोमध, आणि नावाखाली अंत्ययात्रा किती वाजता निघेल ते. हे काम आधी देवळातले एक म्हातारे करायचे. ते वारले तेव्हा त्यांचं नाव लिहायला बऱ्या अक्षराचा माणूस शोधावा लागला आणि तो शालिकराम निघाला. त्या दिवशी त्याने नाव असं काढलं की घाटावरून परतताना लोक अक्षराबद्दलच बोलत होते. तेव्हापासून मेलेल्यांची नावं त्याच्याकडे आली. आणि कुणी मरत नाही त्या दिवसांत फळा रिकामाच असतो, तर जिवंतांसाठी दोन ओळी का लिहू नयेत, हे त्याच्या मनात आलं.

कुणी वारलं की अर्थात लेख पुसावा लागे. त्या दिवशी त्याला दोन्हींचं वाईट वाटायचं, आणि कशाचं जास्त, ते तो बायकोला, गोपिकेलाही, सांगत नसे. त्यातून त्या दिवशी फळ्यासमोर गर्दी व्हायची. बाया पदर सावरून थांबायच्या, सायकली थांबायच्या, कुणी कुणाला वाचून दाखवायचं. दुसऱ्या दिवशी शालिकराम नवा लेख लिहायचा आणि चौक पुन्हा आपल्या वाटेनं चालू लागायचा.

त्याची नोकरीही फळ्याचीच. बसस्टँडवर तो वाहतूक नियंत्रक होता. आधी गावाचं नाव लिहायचं, मग त्यापुढे वेळ, मग फलाट. काटोल, पारशिवनी, सावनेर. फळ्याला नाक लागेल इतक्या जवळ उभा राहून माणूस विचारायचा, काटोलची गाडी कवा हाये? शालिकराम बोट दाखवायचा. माणूस बोटाकडे पाहायचा, बोट जिथे जातं तिथे पाहायचा नाही, आणि पुन्हा विचारायचा. वीस वर्षं हे चाललं होतं. दिवसभर दुसऱ्यांची गावं आणि दुसऱ्यांच्या वेळा लिहून घरी जाणाऱ्या माणसाला स्वतःची म्हणून जी चार वाक्यं होती ती देवळाच्या भिंतीवर होती. आणि त्यांचं पुढे काय होतं, ती कुणाच्या डोक्यात जाऊन बसतात की नालीत जातात, हे त्याला कळायला हवं होतं. एवढंच. फार मागत होता का तो?

रेघ, आणि रेघेच्या खाली, निरनिराळ्या महिन्यांत:

आपले मत येथे लिहावे.

कृपया आपले मत येथे लिहावे.

मत कसेही असो, लिहावे. राग येणार नाही.

खडू बांधलेला आहे. तो मत लिहिण्यासाठी आहे.

मत मोकळेपणाने लिहावे, मात्र खाली आपले पूर्ण नाव लिहावे.

ही शेवटची ओळ म्हशीनंतर आली आणि मग कायमची राहिली. नाव असलं की माणूस जबाबदारीनं लिहितो, असं शालिकरामचं म्हणणं. गोपिका म्हणाली, अहो, ज्यांनी बिननावाचं लिहिलं नाही ते नावानिशी काय लिहितील? त्यावर तो जेवता जेवता इतका वेळ बोलला की वरणावर साय धरली.

त्याने युक्त्याही करून पाहिल्या. रंगीत खडू ठेवले, ते तासाभरात गेले आणि दुसऱ्या दिवशी तीन अंगणांतल्या रांगोळ्यांत दिसले. लेखाच्या शेवटी प्रश्न टाकून पाहिला. मग, अगदीच जिवावर येऊन, भांडण टाकून पाहिलं. नागपूरच्या संत्र्यात आता पहिल्यासारखी गोडी राहिली नाही, असं सरळ लिहून टाकलं. त्या दिवशी पानठेल्यावर जे झालं ते लहानूने त्याला नंतर सांगितलं. एकाने काटोलची बाजू घेतली, दुसऱ्याने कळमेश्वरची, तिसरा म्हणाला की गोडी संत्र्यात असते की जिभेत हे आधी ठरवा, चौथ्याने तिसऱ्याच्या वडिलांचा बगीचा काढला, आणि ठेला बंद करायची वेळ आली तरी कुणी हटेना. लहानूची पानं संपली.

रेघेच्या खाली काही नाही.

"मग त्यायनं लिहिलं काहून नाही?" शालिकरामने विचारलं.

लहानू कात लावत होता. "आता कोण लिहीन भाऊ," असं काहीतरी म्हणून त्याने मान दुसरीकडे फिरवली, जसं कुणी उसने मागितल्यावर फिरवतात.

सगळ्यांत जास्त चीड यायची ती मारोतराव ढोकांची. मारोतराव देवळाच्या मागच्या गल्लीत एकटेच राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं नव्हती, बहीण काटोलला दिलेली. सकाळी ते ठेल्यावर यायचे, पान तोंडात टाकायचे आणि फळ्यावरचा लेख पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचायचे. ठेल्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. मोहल्ल्यात ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही शालिकराम काय म्हणतो हे ठाऊक असायचं, ते मारोतरावांमुळे. वाचून झालं की मत. मत असायचंच. मस्त लिहिलं गा. किंवा, आज जमलं नाही गा, गोल गोल फिरून राहिला. एकदा तर शेवटचं वाक्य काढून टाक म्हणाले, आणि शालिकरामने घरी जाऊन विचार केला तेव्हा ते खरंच काढायला हवं होतं.

"तर मग हेच खाली लिहा ना, मारोतराव."

"लिहू ना. उद्या लिहू."

"उद्या उद्या करून वर्ष झालं."

"अरे, तोंडानं सांगितलं ते मत नाही का? तुले कान नाही का?"

"चारचौघांले दिसलं पाहिजे."

"चारचौघं इथंच बसून राहिले," मारोतराव म्हणायचे आणि पिचकारी टाकायला उठायचे.

शालिकराम सायकलची घंटी उगाचच जोरात वाजवत निघून जायचा.

गणपतीच्या आधी मंडळाची बैठक असते. त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, ती शनिवारी संध्याकाळी देवळात ठेवली होती. त्याच्या चार दिवस आधी मंडळाचे अध्यक्ष भैय्याजी यांनी शालिकरामला आपल्या किराणा दुकानात बोलावलं, पोत्यावर बसवलं, चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच शालिकरामला कळलं की बातमी वाईट आहे. कोपऱ्यावर टायपिंगचा क्लास निघाला होता. क्लासवाल्याला तो फळा जाहिरातीसाठी हवा होता. दरवर्षी रंग तो देणार, मंडपाचा खर्चही उचलणार. कुणी वारलं तर एका कोपऱ्यात नावापुरती जागा सोडणार.

भैय्याजी वाईट माणूस नव्हते. रक्तदाबामुळे मीठ सोडलेलं आणि दिवसभर मिठाच्या गोणीशेजारी बसणं, यामुळे बोलणं जरा अळणी झालं होतं इतकंच.

"शालिकरामजी, तुमचं लिहिणं चांगलंच हाये, मी कुठं नाही म्हणतो. पण तो म्हणते का तिथं कोणी वाचत नाही. मले एक मत दाखवा. एकच. बैठकीत फळ्याकडे बोट दाखवून मले म्हणता आलं पाहिजे, हे पाहा, लोक लिहून राहिले."

एकच मत. शालिकराम त्या दिवसापासून लोकांना वाटेत गाठू लागला. अमुक म्हणाला चष्मा घरी आहे. तमुक म्हणाला हाताला तेल आहे. प्रयागबाई, ज्यांनी आयुष्यात कुणाला मत दिल्याशिवाय सोडलं नव्हतं, त्या म्हणाल्या की मले लिहिता येत नाही, आणि त्यांच्या हातात पोथी होती. मारोतराव म्हणाले, उद्या. शुक्रवारी मारोतराव ठेल्यावर दिसलेच नाहीत. पोट बिघडलं म्हणून एरंडेल घेणार आहेत, असं लहानू म्हणाला.

शनिवारी उजाडता उजाडता शालिकराम ओलं फडकं आणि नवा खडू घेऊन फळ्याशी उभा होता. चौकात कुणी नव्हतं.

त्याने स्वतःला समजावलं होतं की ही लबाडी नाही. मारोतरावांनी मत दिलेलं आहे. एकदा नाही, वर्षभर दिलेलं आहे. ते मोठ्यानं दिलं, आपण ते कागदावर, म्हणजे फळ्यावर, उतरवून घेतो आहोत. "नालीचा लेख बरा आहे, पण गोल गोल फिरतो." हे त्यांचेच शब्द. स्वतःची खोटी तारीफही त्याने त्यात घातली नव्हती. ज्याला खोटंच करायचं आहे तो असं करेल का?

अक्षर तेवढं वेगळं काढायचं ठरवलं होतं. डाव्या हातात खडू घेतला. टेकवला. मारोतरावांचं नाव, आणि असं वेडंवाकडं? मन होईना. उजव्या हातात घेतला.

फळा त्याने पूर्ण पुसून घेतला होता, वरून खालपर्यंत. लेख पुन्हा नव्याने लिहायचा होता, रेघ मारायची होती. पण वीस वर्षांची सवय, आधी नाव, मग बाकीचं. आणि या फळ्यावर नाव लिहायचं म्हटलं की त्याचा हात आपोआप जिथे जायचा तिथेच गेला, बरोबर मधोमध. मोठं, भरीव, प्रत्येक काना ओळंब्यात.

मारोतराव सोनबाजी ढोक

छान आलं होतं. जरा जास्तच मोठं आलं होतं, आणि खाली यायला हवं होतं. हरकत नाही, पुसून खाली घेऊ. आता वर लेख, मग रेघ, आणि रेघेच्या खाली

"साहेब! ओ साहेब!"

चौकात डेपोची गाडी उभी होती. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर. पहिल्या पाळीचा नियंत्रक आलाच नव्हता, स्टँडवर लोक खिडकी फोडायच्या बेतात होते, आणि शालिकरामला न्यायला गाडी पाठवली होती. शालिकरामने फडकं खिशात कोंबलं. तासाभरात सुटू, आल्यावर पुरं करू. इतक्या सकाळी येतं कोण.

स्टँडवरून तो तासाभरात सुटला नाही. दोन गाड्या बंद पडल्या, रामटेकची गाडी कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि फळ्यासमोर उभे राहून माणसं विचारत होती. दुपार होत आली तेव्हा काटोलची गाडी लागली आणि तिच्यातून रंभाबाई उतरली. मारोतरावांची बहीण. तोंडाला पदर, पायात चप्पल नाही.

तिने शालिकरामला पाहिलं आणि ती तिथेच खाली बसली.

"माझा दादा गेला गा, भाऊ."

सकाळच्या पहिल्या गाडीचा कंडक्टर त्यांच्याच मोहल्ल्यातला. त्याने काटोलला उतरून तिच्या दारात जाऊन सांगितलं होतं. हातातलं काम टाकून ती निघाली होती.

शालिकरामला बसायला काही सापडेना, तो वेळापत्रकाच्या फळ्याला टेकला. पाठीला अख्खं काटोल लागलं. मारोतराव. एरंडेलानं माणूस जातो का? पहाटे आपण नाव लिहीत होतो तेव्हा ते होते की नव्हते? आणि मग, स्वतःचीच लाज वाटावी असा, एक दुसराच विचार आला: मोहल्ल्यात आपलं वाचणारा एक माणूस होता, आणि त्यालाही आजच जायचं होतं. त्यामागोमाग तिसरा, की गेलेल्या माणसाचं मत बैठकीत धरतील का? तो विचार त्याने चपलेखाली चिरडल्यासारखा पाय आपटला आणि रंभाबाईसाठी रिक्षा बोलावला.

वाटभर ती बोलत होती. दादा कसा तिला पोळ्याला न्यायला यायचा. दादा कसा फळ्यावरचं सगळं तोंडपाठ करून काटोलला येऊन म्हणून दाखवायचा. "म्हणे, आमच्या शालिकरामनं लिहिलं. घरच्या पोरानं लिहिल्यासारखं सांगे गा." शालिकराम रिक्षाच्या कापडी टपाकडे पाहत राहिला.

चौकात रिक्षा वळला. लहानूचा ठेला बंद होता. दुपारी, शनिवारी, लहानूचा ठेला बंद. आणि फळा. काळा, स्वच्छ, सकाळी पुसला तसा. मधोमध ते नाव. खाली कुणीतरी झेंडूचा हार ठेवला होता.



मारोतरावांच्या दाराशी हिरवे बांबू टेकवलेले होते. मडकं होतं. टोप्या घातलेली माणसं भिंतीच्या सावलीत ओळीनं बसली होती. आणि मधोमध, पाटावर, डोक्याला पंचा गुंडाळून, मारोतराव बसले होते. हातात ताकाचा गिलास.

"ये गा, शालिकराम," ते म्हणाले. "तुझीच वाट पाहून राहिलो. मले कितीक वाजता नेता?"

रंभाबाई ओरडली नाही, रडलीही नाही. तिने सरळ जाऊन भावाच्या गालाला हात लावून पाहिला, दुसऱ्या गालाला लावून पाहिला आणि मग त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला.

काय झालं ते मग सगळ्यांनी एकदम सांगितलं. सकाळी कंडक्टरने नाव पाहिलं. मग दूधवाल्याने. मग सगळ्यांनी. अक्षर शालिकरामचं, खोटं असायचं कारण नाही. वेळ तेवढी लिहायची राहिली आहे, घाईत असेल, रडू आलं असेल बिचाऱ्याला. लोक घरी गेले तर दाराला आतून कडी, हाक मारली तर ओ नाही. एरंडेल घेतलेला माणूस मागच्या अंगाला संडासात होता, आणि तिथून ओ द्यायची त्याची पद्धत नव्हती. दार फोडावं की नाही यावर चर्चा चालू असताना कुणी बांबू आणायला गेलं, कुणी दुकानं बंद करायला. मग मागच्या बाजूने मारोतराव पोट धरून, टमरेल घेऊन आले आणि आपल्याच दाराशी एवढी माणसं पाहून त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

हे ऐकताना कुणी हसलं नाही. सगळे शालिकरामकडे पाहत होते.

त्याने सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. बैठक, भैय्याजी, एकच मत, आधी नाव लिहायची सवय, डेपोची गाडी. सांगता सांगता त्याचा आवाज चढला, कारण चूक त्याची होती हे खरं, पण ती त्याच्यावर आणली कुणी? "एकानं. एका माणसानं एक ओळ लिहिली असती, तर मले हे करा लागलं असतं का? दोन वर्षापासून हात जोडून राहिलो. लिहा, कायबी लिहा, खाली नाव लिहा. तुमचे हात काय झडले होते?"

मारोतरावांनी ताकाचा गिलास खाली ठेवला.

"त्या फळ्यावर नाव कोणाचं लिहितात गा?"

शालिकरामने खिशातलं फडकं चाचपलं.

"तूच लिहितो ना? तुझ्याच हातानं? सखाराम कोष्ट्याचं कोणी लिहिलं? माझ्या बायकोच्या वेळेस म्हातारबुवा होते, त्यायनं लिहिलं. तिथंच. मधात. आणि तू म्हणतो, या, आपल्या हातानं, आपलं नाव, पूर्ण नाव, त्याच्यावर लिहा. आता तुले तोंडावर कोण सांगीन असं अभद्र? म्हणून म्हणे, उद्या."

सावलीत बसलेल्यांपैकी प्रत्येकाने मान हलवली. हाताला तेल असलेल्याने, चष्मा घरी असलेल्याने. प्रयागबाई मागे उभ्या होत्या, त्यांनी तर हात जोडले.

हे कळायला दोन वर्षं. शालिकरामला स्वतःला एक थप्पड मारावीशी वाटली, आणि मग उरलेल्या सगळ्यांना एकेक. एवढी साधी गोष्ट, आणि मोहल्लाभर माणसं, आणि एकालाही वाटलं नाही की याच्या कानात सांगावं, बाबा रे, नावाचं तेवढं काढून टाक!

तो उठला. संध्याकाळ व्हायला वेळ होता. फळा पुसावा, भैय्याजींकडे जाऊन खडू त्यांच्या हातात द्यावा, मोकळं व्हावं. टायपिंगवाला तरी बऱ्या अक्षरात काही लिहील.

तेव्हा रंभाबाई बोलली. भावाच्या अंगावरून मीठ-मोहरी उतरवता उतरवता, सहज. "जाऊ दे वं माय, बरंच झालं. खोटी बातमी उठली का माणसाचं आयुष्य वाढते. दादाले आता काही होत नाही."

बांबूंजवळ बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

शालिकराम दारातून बाहेर पडतो न पडतो तोच प्रयागबाई त्याच्या मागे आल्या. त्यांनी आधी इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, माझं नाव लिहिता का गा एक डाव? खालून लहानसं लिहिलं तरी चालते."

बैठक झाली. भैय्याजींनी टायपिंगवाल्याला नाही म्हणून कळवायचं ठरवलं, कारण काय ते कुणाला सांगितलं नाही. पांगापांग झाल्यावर त्यांनी शालिकरामला खांबाआड घेतलं. "माझं बी.पी. तुमाले मालूमच हाये. माझं नाव जरा मोठं लिहाल. आणि तुमच्याच हातानं, दुसऱ्याचं नको."

रेघेच्या वर:

नाली आपली आहे.

रेघेच्या खाली:

प्रयागबाई नत्थूजी बावणे. भैय्याजी गणपतराव पारधी. तुकड्या न्हावी. प्रयागबाईंचे मालक. काटोलची रंभाबाई (पत्ता काटोल). लहानू, आणि लहानूचा ठेला. नावं, नावं, एकाखाली एक, एकाशेजारी एक, रेघ ओलांडून वर चढलेली, म्हणून वरचा लेख एका वाक्यावर आलेला. आठवड्यात फळा भरला. पुसला तर माणसं भांडायला यायची की माझं तीनच दिवस राहिलं, त्याचं पाच दिवस. वाडीहून दोन माणसं सायकलवर आली. खरंच कुणी वारलं तर कसं कळायचं, हा प्रश्न मंडळाच्या पुढच्या बैठकीत आला, तेव्हा भैय्याजींनी निकाल दिला की ज्याच्या नावाखाली वेळ असेल तो गेला, बाकीचे आहेत.

शालिकराम सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी नावं लिहायचा आणि संध्याकाळी आल्यावर लिहायचा. फळा त्याचाच राहिला होता. रेघेखाली आता रोज लिहिलेलं असायचं, एवढं की बोट ठेवायला जागा नाही. आणि त्या सगळ्यात नालीबद्दल एक शब्द नव्हता.

मारोतराव ठेल्यावरून वरचं एक वाक्य मोठ्यानं वाचायचे. "नाली आपली आहे." मग म्हणायचे, "आता गोल गोल फिरत नाही, पण जातबी नाही गा कुठं."

"ते खाली लिहा," शालिकराम सवयीनं म्हणायचा.

"माझं नाव तं पहिलेच होऊन गेलं," मारोतराव म्हणायचे.

अनंत चतुर्दशी होऊन गेल्यावरच्या एका संध्याकाळी तो सायकलवरून उतरला, त्याच्या आधी हात खडूकडे गेला. नवी नावं कुठे बसवायची ते तो पाहत होता. फळ्याच्या अगदी तळाशी, जिथे सिमेंट संपून भिंतीचा चुना लागतो, तिथे दोन नावांच्या फटीत, बारीक आणि तिरक्या अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं:

कचऱ्यानं नाही तुंबत. उतार उलटा आहे. पाणी टाकून पाहा.

खाली नाव नव्हतं.

शालिकरामने ते वाकून वाचलं. चष्मा पुसून वाचलं. मग मागे वळून ठेल्यावरच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि प्रत्येकाने आपापल्या पानाकडे पाहिलं.

उतार उलटा! दोन वर्षं डोकं फोडून लिहून राहिलो, आणि हा कोण, नाव नाही गाव नाही, मला उतार शिकवतो? नालीपाशी मी रोज उभा असतो. उतार देवळाकडे आहे, हे शेंबड्या पोरालाही दिसतं. दिसतं की नाही? त्याने सायकल भिंतीला टेकवली, लहानूच्या ठेल्यावरची पाण्याची बादली न विचारता उचलली आणि नालीच्या वरच्या टोकाशी नेऊन ओतली.

पाणी जरा वेळ उभं राहिलं. मग हळूहळू मागे आलं आणि त्याच्या चपलेत शिरलं.

"काय झालं गा?" मारोतरावांनी ठेल्यावरून विचारलं.

ओल्या चपलेनं फचफच करत शालिकराम फळ्याशी परत आला. भैय्याजींचं नाव पुसलं. प्रयागबाईंचं पुसलं, त्यांच्या मालकांचं पुसलं. मागून लहानू काहीतरी म्हणत होता, त्याचंही पुसलं. मोकळ्या झालेल्या जागेत, त्या तिरक्या ओळीच्या बरोबर वर, त्याने नवी रेघ मारली आणि लिहायला सुरुवात केली की उतार उलटा आहे हे मान्य, परंतु